किमयागारांची नौका

सातवीच्या वर्गात एकदा मी एका संस्थेची हकीकत सांगितली. ती संपताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, म्हणजे ते लोक नापासच झाले की!" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आज दिवाळीच्या निवांतपणी ते देऊन पाहतो.

१९६९ साली जॉन टॉड, त्यांच्या पत्नी नॅन्सी आणि मित्र विल्यम मॅक्लार्नी यांनी अमेरिकेत 'न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट' काढली. अल्केमी म्हणजे किमया. जुन्या किमयागारांना शिशाचे सोने करायचे होते. या मंडळींना ऊन, पाणी आणि माती यांतून घरापुरते अन्न अन् ऊब मिळवायची होती. केप कॉड येथील हॅचव्हिलला, पूर्वी जिथे दूधदुभत्याचा धंदा चाले अशा बारा एकरांवर, त्यांनी आपला संसार मांडला.

युक्ती साधीच होती. ऊन आत येईल अशा उंच पिंपांत पाणी भरायचे आणि त्यांत चिलापी मासे सोडायचे. आपल्या उजनीच्या बाजारात दिसतात त्याच कुळीतले. दिवसा पाणी तापे, शेवाळ वाढे, मासे ते खात. रात्री तेच पाणी साठवलेली ऊब परत देई आणि माशांचे पाणी भाजीला खत होई. १९७६ साली असे एक मोठे ऊनघर केप कॉडला उभे राहिले, दुसरे कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर. नाव ठेवले 'आर्क', म्हणजे प्रलयात तारणारी नौका. बेटावरच्या नौकेच्या उद्घाटनाला पंतप्रधान पिएर त्रुदो स्वतः आले होते!

१९७३ साली तेल भडकले होते. तेव्हा सरकारांनाही सूर्यनारायणाची आठवण झाली आणि अशा कामाला पैसा मिळू लागला. १९८१ पासून रेगन सरकारने सूर्यशक्तीच्या संशोधनावरचा हात आखडला. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. टॉड दांपत्य तोवर दुसऱ्या संस्थेकडे वळले होते. १९९१ साली न्यू अल्केमी बंद झाली. बेटावरची नौका पुढे पाडली गेली.

वाचकहो, तेल संपल्याने विझलेले दिवे आपण नेहमीच पाहतो. हा दिवा तेल स्वस्त झाले म्हणून विझला!

मग नापास कोण? जॉन टॉडनी पुढे वनस्पती आणि जलचर यांनी भरलेल्या टाक्यांतून सांडपाणी स्वच्छ करण्याची रीत बसवली. तिचे मूळ त्या माशांच्या पिंपांतच होते. तो मुलगा आता भेटला तर सांगेन, "बाळ, वेळ संपण्याआधीच पेपर ओढून घेतला, तर मुलाला नापास म्हणत नाहीत. त्याने सोडवलेली गणिते तेवढी तपासून पाहावीत."