तरावीहची कुळकथा

दिवसाचे पाच नमाज फर्ज, म्हणजे सक्तीचे, आहेत. रमजानच्या रात्री इशाच्या नमाजानंतर पढतात ती तरावीह फर्ज नाही, ती सुन्नत. दिवसभराचा रोजा, त्यात दुकान नाहीतर शेत, इफ्तारनंतर जडावलेलं अंग, आणि तरीही निपाणीपासून खानापूरपर्यंत मशिदींतल्या सफा, म्हणजे रांगा, भरलेल्या असतात. सक्ती नसताना हे टिकलं, आणि सक्ती होऊ नये याची काळजी तर अगदी सुरुवातीलाच घेतली गेली होती.

मदिनेत एका रमजानमध्ये पैगंबर रात्री मशिदीत नमाज पढू लागले. बघता बघता मागे माणसं उभी राहिली, पुढच्या रात्री आणखी आली. मग एका रात्री मशीद भरून गेली, तर पैगंबर घराबाहेर आलेच नाहीत. हा नमाज तुमच्यावर फर्ज होईल आणि तुम्हाला पेलवणार नाही अशी भीती वाटली, असं त्यांनी सकाळी सांगितलं. हजरत आयेशांनी सांगितलेली ही हकीकत हदीसच्या ग्रंथांत आहे. त्यानंतर लोक आपापले पढत राहिले, कुणी एकटे, कुणी चारपाच जणांत.

दुसरे खलिफा हजरत उमर (कारकीर्द 634 ते 644) यांना एका रात्री मशिदीत असे विखुरलेले घोळके दिसले. त्यांनी सगळ्यांना उबई इब्न काब यांच्यामागे एका जमातीत उभं केलं. उबई हे कुराण उत्तम पढणारे म्हणून नावाजलेले होते. ही नवी प्रथा चांगलीच आहे, असं उमर म्हणाले. पण रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठून पढणं याहून चांगलं, हेही त्यांनी लगेच जोडलं. दर चार रकातींनंतर (रकात म्हणजे नमाजाचा एक फेरा) थोडं बसून विसावा घ्यायचा, त्या विसाव्यावरून तरावीह हे नाव पडलं. हनफी आणि शाफई लोक वीस रकात पढतात, अहले हदीस आठ. शिया पंथीय तरावीह जमातीने पढत नाहीत.

हा शेवटचा फरक बेळगावच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. किल्ल्यातली सफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारीच्या नावाने ओळखली जाते. विजापूर दरबार कधी शिया, कधी सुन्नी असा बदलत राहिला. इब्राहिम पहिल्याने गादीवर येताच सुन्नी रीत आणली, तर असदखान स्वतः शिया होता, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. तेव्हा बेळगावात कुठली रीत मशिदीत चालावी हा त्या काळी राजकारणाचाही भाग होता. आज तरावीह इतकी अंगवळणी पडली आहे की असं कधी असेल, हे मनात येत नाही.

महिन्यात एक कुराण पुरं ऐकायचं ही तरावीहची खरी ओढ. आपल्याकडच्या छापील कुराणात समासात ‘ऐन’ या अरबी अक्षराची खूण दिसते. ती रुकूची, म्हणजे एका टप्प्याची. औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या फतावा-ए-आलमगिरीत तिचा हिशोब दिला आहे: जाणत्या उलेमांनी कुराणाचे 540 रुकू पाडले, म्हणजे रोज वीस रकात, रकातीला एक रुकू, आणि सत्ताविसाव्या रात्री खत्म. अरबस्तानात छापलेल्या प्रतींत ही खूण सहसा नसते. नमाजाच्या लयीवर ग्रंथाची विभागणी केलेली पाहिली की मला त्या अनाम उलेमांबद्दल फार आदर वाटतो.

इमाम हाफिज असतो, संपूर्ण कुराण त्याला तोंडपाठ. पहिल्या सफेत त्याच्या मागे दुसरा हाफिज उभा असतो, तो ‘सामे’, ऐकणारा. इमाम एखाद्या आयतीत अडला, किंवा सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आयतीकडे वळला, की सामे नेमका शब्द मोठ्याने सांगतो. याला ‘लुकमा देणं’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. इमाम तो घेतो, आयत सुधारून पुढे जातो. शेकडो माणसांसमोर चूक दुरुस्त होते आणि कुणाचाही मान कमी होत नाही.

मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या बाजूला, चोर्ल्याच्या रानात, वस्त्या लहान नि विखुरलेल्या. जिथे घरं थोडी आणि हाफिज मिळत नाही, तिथे ‘अलम तर’वाली तरावीह चालते: कुराणाच्या शेवटच्या दहा छोट्या सूरा, रकातीला एक, आणि दहा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. पन्नासेक आयतींचं पाठांतर असलेला साधा माणूसही मग जमातीच्या पुढे उभा राहू शकतो. 2015 साली रमजान जून-जुलैत आला होता. या भागात तेव्हा पाऊस कसा कोसळतो, हे इथल्यांना सांगायला नको. अशा रात्री घरीच पढणाऱ्यालाही शरियतेने मोकळीक दिली आहे.

एप्रिल 2020 मध्ये तर मशिदीच बंद होत्या. लोकांनी माजघरात सतरंज्या अंथरल्या, बाप नाहीतर पाठांतर असलेला मुलगा इमाम झाला, मागे आई, बहिणी, आजी. कित्येक बायकांना जमातीने तरावीह पहिल्यांदा तेव्हा मिळाली. माझ्या मते मशिदी उघडल्यावर या सवयीचं काही तरी जपायला हवं होतं.

सत्ताविसाव्या रात्री खत्म होतो, दुआ होते, मिठाई वाटतात. दुसऱ्या दिवसापासून सफा विरळ होतात. तरावीह मात्र संपलेली नसते. ईदचा चांद दिसेपर्यंत ती पढायचीच असते, आणि उरलेल्या दोनतीन रात्री हाफिजसुद्धा त्या दहा छोट्या सूराच पढतो.