गाणे चालेल, गाऱ्हाणे नको

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याला दोन वर्षेही पुरी व्हायची होती, तेव्हा १ एप्रिल १९५५ ला तिथून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली आणि वर्षभर घरोघरी ऐकली गेलेली छप्पन्न गीते हा ठेवा मराठी माणसाने जिवापाड जपला आहे. पण गीतरामायण संपत आले होते त्याच दिवसांत, १९५६ च्या पूर्वार्धात, याच केंद्रावरून आणखी एक उपक्रम चालू होता आणि तो मात्र आपण साफ विसरलो. सामुदायिक रेडिओचा इतिहास आपल्याकडे परवाने, मनोरे आणि वॉट यांच्या हिशेबाने सांगितला जातो. माझ्या मते तो गाणे आणि गाऱ्हाणे यांच्या ताटातुटीचा इतिहास आहे. गावाला माइक देताना सरकारने त्याला गाण्याची मुभा दिली आणि सार्वजनिक कारभाराबद्दल बोलण्याची मनाई केली. या ताटातुटीला आपल्या मातीत कसलाच आधार नाही, आणि १९५६ चा तो विसरलेला उपक्रम याचा पहिला पुरावा आहे.

त्या उपक्रमाचे मूळ कॅनडात होते. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालत. एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग काहीतरी करायला घ्यायचे, अशी ती पद्धत होती. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने ती मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर इथे, सुमारे दीडशे गावांत करून पाहिली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ होते. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाल्यावर मंडळी बोलायला बसत, चर्चेचा वृत्तांत आणि अडलेले प्रश्न पुण्याला कळवले जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. या साऱ्याचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी केला. मंडळ असलेली गावे आणि नसलेली गावे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासली. नसलेल्यांपैकी काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत पडलेली भर नाममात्र होती. म्हणजे आवाज गावापर्यंत पोचल्याने फारसे काही घडले नव्हते. जे घडले ते गावाने उलट बोलायला सुरुवात केल्यावर घडले. केंद्र पुण्यात, मालकी केंद्र सरकारची, निवेदक पगारी नोकर. तरीही त्या थोड्या आठवड्यांपुरता तो रेडिओ गावाचा झाला, कारण प्रश्नाला परत जायला वाट होती. १९५९ च्या अखेरीस ही योजना देशभर नेण्यात आली, मंडळांची संख्या हजारांवर गेली आणि पुढच्या दोन दशकांत ती ओसरली. गीतरामायण टिकले, मंडळे गेली. दोन्हींची थोरवी वेगवेगळ्या जातीची आहे हे मला मान्य आहे, पण मंडळे विसरल्याची किंमत आपण पुढे फार मोजली.

गाणे हा विरंगुळा आणि कारभार हे शहाण्यांचे काम, ही वाटणी आपल्या लोकसंगीताने कधी मानलेली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडणाऱ्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचणाऱ्याला माहेर आणि पंढरी तर भेटतातच, शिवाय सासुरवास भेटतो, नवऱ्याची मारहाण भेटते, बाबासाहेब आंबेडकर भेटतात. जाते ओढणारी बाई एका दमात देव आळवते आणि अन्यायाची नोंदही करते. पोवाडा जन्मापासूनच घडल्या गोष्टीचा वृत्तांत आहे. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी ढोलकीच्या तालावर धर्म, शिक्षण, पाणवठा हे विषय चावडीपुढे आणले. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. वरवर ती गावाकडे राहिलेल्या सखीच्या विरहाची आहे, पण तिच्या पोटात संयुक्त महाराष्ट्राचा सगळा लढा आहे. हे लोकसंगीत की राजकीय भाष्य? सामुदायिक रेडिओचे नियम हातात घेऊन बसलेल्या कोणाही अधिकाऱ्याला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

त्या नियमांपर्यंत पोचण्याची वाट क्रिकेटच्या मैदानातून गेली, हे नवल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद पेटला. सरकारचा भरवसा १८८५ च्या तार कायद्यावर होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असे त्यात सांगितले होते. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. या निकालाने बाजाराला रान मोकळे करून दिले अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. लहरींचे नियमन जनहितासाठी व्हावे आणि ते स्वायत्त यंत्रणेने करावे, हेही त्यात स्पष्ट होते. प्रत्यक्षात खासगी एफएमचे लिलाव लवकर झाले आणि गावे थांबून राहिली. २००२ च्या धोरणाने परवानगी दिली ती फक्त शिक्षणसंस्थांना. त्यातून १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. इकडे तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, जहीराबादजवळच्या माचनूर गावात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी युनेस्कोच्या साह्याने स्टुडिओ उभारून ठेवला होता. परवाना नव्हता. मग त्यांनी वर्षानुवर्षे बियाणे, भरडधान्ये, औषधी पाला आणि सणांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्या कॅसेटी गावोगावच्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकांत वाजवल्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा संघम रेडिओ अखेर हवेत गेला. उद्घाटनाला आले होते तेच न्यायमूर्ती सावंत.

हे शक्य झाले ते १६ नोव्हेंबर २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. त्यांनी स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. शंभर वॉटची ताकद, निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागाने केलेला, भाषा शक्यतो तिथलीच, आणि प्रत्येक कार्यक्रमाचे मुद्रण तीन महिने जपून ठेवण्याची सक्ती. इथपर्यंत हा दस्तऐवज मला शहाणपणाचा वाटतो. पण त्यातच ते कलम आहे, बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे काहीही प्रसारित करायला बंदी घालणारे. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करण्याची सूट मिळाली, हवामान आणि वीज-पाण्याच्या सूचना यांना ‘बातमी नव्हे’ असे ठरवून मोकळीक मिळाली. जाहिरातींचा वेळ तासाला पाच मिनिटांवरून सातवर आणि २०२४ मध्ये बारावर गेला. मूळ बंदी मात्र जागेवरच आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ज्या ग्रामसभेला मान दिला, तिथे पाणीयोजनेवरून काय भांडण झाले हे सांगावे की नाही, याचा धाक केंद्र चालवणाऱ्यांच्या मनात कायम राहतो. परवान्याचे नूतनीकरण डोळ्यांपुढे असले की माणूस कलमात नसलेल्या रेघाही स्वतःच आखून घेतो.

या बंदीच्या बाजूने दिले जाणारे कारण क्षुल्लक नाही आणि ते झटकून टाकता येणार नाही. गावात जातीचे ताण असतात, दंगल पेटायला एक अफवा पुरते, आणि छोटे केंद्र स्थानिक पुढाऱ्याच्या खिशात जायला वेळ लागत नाही. रवांडात १९९४ मध्ये आरटीएलएम या केंद्राने तुत्सींच्या कत्तलीला जे खतपाणी घातले, ते रेडिओवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने रोज आठवावे इतके भयंकर आहे. पण त्या उदाहरणाकडे नीट पाहिले तर ते बंदीच्या विरुद्धच साक्ष देते. ते केंद्र गावाचे नव्हते, सत्तेच्या निकट असलेल्या लोकांचे होते. लोक त्याच्याकडे ओढले गेले ते आधी त्याच्या संगीतामुळे, आणि विखार पसरवण्यात सिमोन बिकिंडी या लोकप्रिय गायकाच्या गाण्यांचाही वापर झाला. गाणे निरुपद्रवी आणि बातमी धोक्याची, हे गृहीतकच तिथे कोसळते. द्वेष पसरवण्याविरुद्ध आपल्याकडे कायदे आहेत, तीन महिन्यांचे मुद्रण हा हाताशी असलेला पुरावा आहे. अनामिक फिरणाऱ्या मोबाइलवरच्या ध्वनिफितीपेक्षा पत्ता, परवाना आणि ओळखीचा आवाज असलेले केंद्र जाब विचारायला कितीतरी सोपे. आणि अफवेचा उतारा खऱ्या माहितीखेरीज दुसरा कोणता? तीच सांगायला बंदी असेल तर केंद्र ऐन वेळी मुके राहते.

उलट बाजूचे उदाहरण शेजारीच आहे. काठमांडूत १९९७ मध्ये रेडिओ सागरमाथा सुरू झाला आणि नेपाळभर सामुदायिक केंद्रे गावची बातमी देऊ लागली. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजा ज्ञानेंद्रने सत्ता हाती घेतली, तेव्हा सैनिक या केंद्रांत शिरले. बातम्या बंद झाल्या. संगीत चालू ठेवायला हरकत नव्हती. सत्तेला कशाची भीती वाटते याचा इतका स्वच्छ दाखला इतिहासात क्वचित सापडतो. आपल्या देशात लोकशाही धोरण म्हणून जी अट आपण शांतपणे स्वीकारली, ती नेपाळमध्ये निरंकुश राजवटीचे पहिले पाऊल ठरली. नेपाळच्या न्यायालयाने त्याच वर्षी केंद्रांना दिलासा दिला. पुढे २०१५ च्या भूकंपात मदत कुठे पोचली आणि कुठे नाही हे सांगण्याचे काम याच केंद्रांनी केले.

आता हातोहाती मोबाइल असताना शंभर वॉटच्या रेडिओची गरजच काय, असेही विचारले जाते. मोबाइलवर जगभराचे गाणे मिळते, पण कोणते गाणे पुढे सरकवायचे हे दूरवरची यंत्रणा ठरवते, आणि माण तालुक्यातली धनगरी ओवी किंवा गजीनृत्याचा ढोल तिच्या हिशेबात बसत नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे. हा कायमचा दुष्काळी मुलूख. इथे चारा छावण्या पडतात, मेंढरे घेऊन माणसे पाण्याच्या शोधात जातात. इथली बाई माइकपुढे बसून ओवी गाते तेव्हा तिच्या ओवीत तो दुष्काळ येणारच, आणि ओवी संपल्यावर छावणीत चारा कमी का पडला हा प्रश्नही तिच्या ओठावर येणारच. पहिल्या भागाला लोकसंस्कृतीचे जतन म्हणून शाबासकी द्यायची आणि दुसऱ्या भागाला चालू घडामोड म्हणून कात्री लावायची, हे त्या बाईचा अर्धाच आवाज घेणे आहे.

बातम्यांवरील या बंदीला ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. सरकारचे उत्तर सुरक्षेचे होते. देशात आज सुमारे पाचशे सामुदायिक केंद्रे आहेत. १९५६ मध्ये नाशिक-कोल्हापूरच्या मंडळांनी प्रश्न लिहून पुण्याला धाडले, तेव्हा गावाजवळ स्वतःचा माइक नव्हता आणि उत्तरासाठी पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहावी लागे. आज माइक गावात आहे, ज्याला प्रश्न विचारायचा तो ग्रामसेवक हाकेच्या अंतरावर आहे, आणि गावकरी व तो समोरासमोर बसून पाण्याच्या हिशेबावर बोलले तर तो कार्यक्रम परवान्यात बसतो की नाही, हे केंद्रातल्या मुलीला आधी नियमावली उघडून पाहावे लागते.