संयोगदांडा

संयोगदांडा : अंतर्ज्वलन एंजिनातील दट्ट्याची खालीवर होणारी गती भुजादंडाच्या फिरत्या गतीत बदलणारा दुवा. कारखान्यात यालाच कनेक्टिंग रॉड म्हणतात. त्याचे लहान टोक दट्ट्यातील पिनेवर आणि मोठे टोक भुजादंडाच्या क्रँकपिनेवर बसते. अखंड भुजादंडावर चढवता यावे म्हणून मोठे टोक दोन भागांत करतात व त्याची टोपी बोल्टांनी आवळतात.

इतिहास : तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथील इ. स. तिसऱ्या शतकातील शिल्पपटात पाणचक्कीवर चालणारी दगड कापण्याची करवत भुजा व दांडा यांनी जोडलेली दिसते. वाफेच्या एंजिनातील भुजेच्या वापरासाठी जेम्स पिकर्ड यांनी १७८० मध्ये इंग्लंडात एकस्व घेतले. निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या चार धावांच्या एंजिनातही हाच दुवा आहे.

भार : ज्वलनाच्या वेळी वायूच्या दाबामुळे दांडा दाबला जातो, तर उत्सर्जन धावेच्या शेवटी, वर जाणाऱ्या दट्ट्याला थांबवून खाली खेचताना, तो ताणला जातो. या दुसऱ्या क्षणी ताणाला विरोध करणारा वायूचा दाब जवळजवळ नसल्याने टोपी व तिचे बोल्ट यांची खरी परीक्षा तेथेच होते. धाव ८० मिमी., दांड्याची लांबी १४० मिमी. आणि खालीवर होणाऱ्या भागांचे वस्तुमान अर्धा किलोग्रॅम धरल्यास मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला हा ताण सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन वजनाइतका येतो. वेग निम्मा केला, तर तो एक चतुर्थांशावर उतरतो. जाड दांडा स्वतःच्या वजनाने हा भार वाढवतो, म्हणून केवळ धातू वाढवून मजबुती साधत नाही. कमी वजनात वाकण्यास विरोध व्हावा यासाठी दांड्याचा छेद बहुधा इंग्रजी ‘आय’ या अक्षरासारखा ठेवतात.

बोल्टांचा सांधा : बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो व त्या ताणाने टोपी दांड्यावर दाबून धरली जाते. हा आगाऊ ताण एंजिनातील विभाजक भारापेक्षा पुरेसा जास्त असेल, तर सांधा उघडत नाही. भारातील बराचसा वाटा दाबलेल्या पृष्ठांवरचा दाब कमी होण्यात खर्ची पडतो आणि बोल्टाच्या वाट्याला त्याचा थोडाच चढउतार येतो. बोल्ट सैल राहिल्यास सांधा प्रत्येक फेरीत उघडझाप करतो, बोल्टाला जवळजवळ पूर्ण चढउतार सोसावा लागतो आणि एरवी पुरेसा असलेला बोल्ट शिणवट्याने, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने पडलेली बारीक भेग वाढत जाऊन, तुटतो. शिणवट्याचा पद्धतशीर अभ्यास आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशियातील रेल्वेच्या आसांवर केला.

टॉर्क पान्याने मोजलेला पीळ हा आगाऊ ताणाचा भरवशाचा मापक नव्हे, कारण पिळाचा सुमारे नऊ दशांश भाग आटे व बोल्टाचे डोके यांच्या घर्षणात जातो व वंगण बदलताच हे प्रमाण बदलते. म्हणून ठरावीक पिळानंतर बोल्ट आणखी ठरावीक कोनातून फिरवतात किंवा त्याची वाढलेली लांबी सूक्ष्ममापकाने मोजतात. कापून काढलेल्यांपेक्षा लाटून काढलेले आटे शिणवट्याला अधिक टिकतात. आटे संपतात ती जागा आणि डोक्याखालचा कोपरा गोलाईदार ठेवणेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

टोपी जागेवरून सरकू नये म्हणून पूर्वी तिच्यासाठी खुंट्या किंवा दाते ठेवत. १९९० नंतर मोटारींच्या एंजिनांत रूढ झालेल्या पद्धतीत मोठे टोक एकसंध घडवून त्याच्या आतल्या कडेला लेसरने खाच पाडतात आणि झटका देऊन ते तोडतात. तुटलेले खडबडीत पृष्ठ दुसऱ्या कोणत्याही टोपीशी जुळत नाही, पण स्वतःच्या जोडीशी अचूक बसते. यासाठी ठिसूळपणे तुटणारे, सुमारे ०.७ टक्के कार्बनाचे पोलाद किंवा भुकटीपासून घडवलेला धातू वापरतात.

धारवे : मोठ्या टोकात पातळ कवचाचे दोन अर्धधारवे बसतात व त्यांवर तेलाचा पापुद्रा भार पेलतो. लहान टोकात बहुधा काशाची बुशी असते.

पृष्ठसंस्कार : पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठावर दाबाचा अवशिष्ट ताण निर्माण केल्यास भेगा सुरू होण्यास अडथळा होतो.

निकामी होणे : तेल तुटून धारवा धरल्यामुळे बोल्ट तुटला की बोल्ट तुटल्यामुळे धारवा उद्ध्वस्त झाला, हे मोडलेल्या अवशेषांवरून नेहमीच ठरवता येत नाही. सिलिंडरात पाणी शिरल्यास दांडा वाकतो.

इतर रचना : रोल्स-रॉइस मर्लिन या विमानाच्या एंजिनात एक दांडा दुसऱ्या दुबेळक्या दांड्याच्या मधोमध बसतो, अरीय एंजिनात एका मुख्य दांड्याला बाकीचे जोडलेले असतात. होंडा एनएसएक्स (१९९०) या मोटारीत टिटॅनियमाचे दांडे वापरले आहेत.

भारतातील निर्मिती : घडाईच्या भागांसाठी पुण्यातील भारत फोर्ज (स्थापना १९६१) प्रसिद्ध आहे.