एका पंक्तीची मंडळी

चर्च या शब्दासाठी मराठी ख्रिस्ती लोकांनी 'मंडळी' हा शब्द कधी घेतला, कोणी घेतला, याचा शोध भाषापंडितांनी करावा. पण ज्याने घेतला त्याला मराठी घराची चांगली ओळख असली पाहिजे. 'मंडळी जेवायला बसली', 'मंडळी यात्रेला गेली' असे आपण म्हणतो. इतकेच काय, जुन्या वळणाचा गृहस्थ बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' म्हणूनच करतो. म्हणजे घंटा, मनोरा, बाके यांचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही. चार माणसे एकत्र आली, एकमेकांची झाली, की झाली मंडळी!

परंतु 'एकमेकांची झाली' हे लिहायला सोपे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात महाराष्ट्रात ते घडवून आणताना माणसांच्या जिवावर बेतले.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ मध्ये ते अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेले, आणि दोन वर्षांत तेथे मंडळी स्थापन झाली. आमच्या सोलापुरात त्यांचे ठाणे पडले ते १८६० नंतरच्या दशकात. ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले, आणि त्यांच्या जोडीला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके ब्राह्मण. आता वाचकहो, त्या काळचे खेडे डोळ्यांपुढे आणा. पंक्तीला न घेणे ही केवढी शिक्षा होती, हे वाळीत पडलेल्या माणसालाच ठाऊक. गावची विहीर तुटे, सोयरीक तुटे, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नसे. बाप्तिस्मा घेणाऱ्याची सारी नाती एका दिवसात गळून पडत. अशा माणसाला रविवारचे प्रवचन पुरते का? त्याला भाऊ हवा होता, आजारपणात उशाशी बसणारी बहीण हवी होती. मंडळीचा उपयोग तेथे होता.

आणि त्या मंडळीची खरी परीक्षा होती ती प्रभुभोजनाच्या वेळी. एक भाकर मोडायची, सर्वांनी खायची. आपण समजतो की यात अवघड काय ते ब्राह्मणालाच. तसे नाही. महाराच्या घरी मांगाचे पाणी चालत नव्हते, आणि मांगही महाराचे घेत नव्हता. उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला आपल्याखाली एखादे मडके हवेच असते! त्यामुळे ती भाकर घेताना प्रत्येकालाच काहीतरी सोडावे लागे. १८५४ साली नगरास हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळक नेमण्यात आले. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने ज्यांची सावली वर्ज्य मानली त्यांच्या दारी जाऊन आजाऱ्याची विचारपूस करावी, मेलेल्याला मूठमाती द्यावी, हे त्या काळाला केवढे विपरीत वाटले असेल!

या विपरीताची सर्वांत जिवंत कहाणी लक्ष्मीबाई टिळकांची. 'स्मृतिचित्रे' मराठी घराघरांत वाचली जातात, तेव्हा कथा सांगत बसत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची दोन शकले झाली. त्या काळातले काही दिवस त्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरास काढले. विठोबाच्या दारी बसून, ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची वाट पाहावी की त्याचे नाव टाकावे, या विचारात एका बाईने दिवस कंठावेत, हा प्रसंग मला कोणत्याही कादंबरीहून थोर वाटतो. आम्हां कादंबरीकारांना असे सुचत नाही. पुढे त्या नगरास गेल्या, पण सोवळे-ओवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, असा तो संसार!

त्यांचे मन वळले ते प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, स्वतःच उत्तर काढले, आणि मग कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला या क्रमाचे मोठे महत्त्व वाटते. आधी पंक्ती, मग पाण्याचा विधी. पुढे प्लेगने नगर हैराण झाले, तेव्हा मिशनच्या शाळेतल्या मुलींना गावाबाहेर छावणीत ठेवावे लागले. ज्या साथीत सख्खे नातेवाईक रोग्याला टाकून पळत, त्या साथीत हीच बाई परक्यांच्या लेकींची शुश्रूषा करीत राहिली.

दुसरे उदाहरण आमच्याच रेल्वेमार्गावरचे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून मुली, विधवा गोळा करून आणल्या. सोलापुरातही त्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली. पण केडगावचा पसारा निराळा. सुमारे दोन हजार जीव, आणि त्यांना सांभाळायला बाहेरची माणसे मूठभर. मग सांभाळले कोणी? त्यांनीच एकमेकींना. थोरलीने धाकटीला न्हाऊ-माखू घालावे, शिकलेलीने न शिकलेलीला अक्षर दाखवावे. आंधळ्या बायांसाठी बार्तीमी सदन होते, त्यांनाही काम होते. माग चाले, छापखाना चाले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत या मुलींचेच हात होते. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. दुष्काळात भाकरीचे महत्त्व नाकारील असा कोण आहे? मला आठवते ती पहिल्या मंडळीची, यरुशलेमची हकिकत. प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा. तेथे पहिली कुरबुर झाली ती सिद्धान्तावरून नाही, तर रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते यावरून. आणि त्यासाठी सात माणसे निवडावी लागली. वाढपी म्हणून! आजच्या मंडळ्यांत जमिनीवरून आणि कमिटीच्या खुर्च्यांवरून जी भांडणे कोर्टापर्यंत जातात, त्यांच्यापेक्षा ते भांडण मला फार इमानी वाटते. आणि जात? ती सोयरिकीच्या वेळी मागच्या दाराने येऊन बसतेच. हे ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवले आहे.

टिळकांना हे खुपत होते. शिवाय मंडळी मिशनच्या पगारावर आणि साहेबी रिवाजावर उभी आहे, हेही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत, अशी त्यांची कल्पना. वारकऱ्यांची दिंडी पाहिलेल्या माणसालाच हे सुचावे. तेथे पाया पडताना कोणी जात विचारून वाकत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार मोडला. मात्र त्यांचा चाहता जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यात इंग्रज आणि हिंदी माणसे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. राज्य इंग्रजांचे असताना ही पंगत मुळीच किरकोळ नव्हती.

१९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि जुन्या मिशनच्या मंडळ्या तिच्यात आल्या. नाव बदलले, पाट्या बदलल्या. पण हंगामाचा सण राहिला. ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी, लिंबाची लोणची असे ज्याला जे जमेल ते लोक देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखाद्या म्हातारीने आणलेल्या दोन भोपळ्यांवर दोन मिळवते गृहस्थ चढाओढीने बोली वाढवीत जातात, भोपळ्याची किंमत बकऱ्याइतकी होते, आणि म्हातारी पहिल्या बाकावर पदर तोंडाला लावून हसत असते.