इस्पितळातील हयगय : रुग्णाने दाद कोठे मागावी?

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय इस्पितळात एका महिलेची प्रसूती झाली आणि तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. ताप व वेदना वाढत गेल्या. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत राहून गेलेला टॉवेल सापडला आणि त्याच महिन्यात ती दगावली. कुटुंबाने दिवाणी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ते पुन्हा बहाल केले. नेमकी चूक कोणत्या डॉक्टरच्या हातून झाली हे ठरले नाही, तरी इस्पितळ चालविणारे सरकार जबाबदार राहते, असे न्यायालयाने सांगितले. न्याय मिळाला खरा. पण तेहतीस वर्षांनी.

आज यापेक्षा जवळची वाट उपलब्ध आहे. नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ ठरली. ज्या इस्पितळात सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते यातून वगळले आहे. मात्र काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर तेथील मोफत रुग्णालाही ग्राहक आयोगाकडे जाता येते. सरकारी इस्पितळाविरुद्ध तक्रारच करता येत नाही, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. पूर्णतः मोफत इस्पितळाबाबतही दिवाणी न्यायालयाचे दार उघडे असतेच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. बेळगावात उपचार घेतलेल्या गोमंतकीयाला गोव्यातच, तर बांबोळीला आलेल्या सिंधुदुर्गातील रुग्णाला, गोमेकॉतील उपचार वरील कसोटीत बसत असल्यास, स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येईल. उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ती पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

प्रत्यक्षात दावा उभा राहतो अथवा कोसळतो तो कागदपत्रांवर. डिस्चार्ज कार्ड आणि बिले एवढ्यावर बहुतेक कुटुंबे थांबतात. शस्त्रक्रियेची टिपणे, परिचारिकांच्या नोंदी, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा कागद आणि संमतिपत्र हे सारे इस्पितळातच राहते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास डॉक्टरने या नोंदी ७२ तासांच्या आत द्यावयाच्या असतात. त्या जपण्याचे बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. म्हणून मागणी लेखी करावी, पोच घ्यावी आणि ती पहिल्याच आठवड्यात करावी. दुःखाच्या घरात हे सुचत नाही, हे खरे. एखाद्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावे.

संमतीचेही तसेच. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, असे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. जीव वाचविण्यासाठी तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया तेवढी अपवाद.

उपचार फसला म्हणजे हयगय झाली, असे कायदा मानत नाही. त्या शाखेतील सामान्य कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली गेली का, एवढेच पाहिले जाते. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडणे हा दोष नव्हे. पोटात टॉवेल राहण्यासारख्या उघड प्रकरणात तज्ज्ञाच्या साक्षीची गरज भासत नाही. निदान चुकल्याच्या आरोपात मात्र बहुधा भासते, आणि दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून देणारा तज्ज्ञ मिळविणे हीच अशा दाव्यांतली मोठी अडचण असते.

फौजदारी कारवाईची कसोटी याहून कडक आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यानंतर अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि पोलिसांनी पुढे जाण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार रुग्णाच्या मृत्यूस कारण ठरलेल्या नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. राज्य वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते. ती डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते. भरपाई मात्र देऊ शकत नाही.