सरहद्दीचा मुलूख आणि त्याच्या आख्यायिका



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे आमच्याकडे चुकून आले असावे असे आम्हास वाटले. या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात. मार्केट यार्डात हमालांची संघटना बांधणाऱ्या माणसास इतिहासावर बोलावयास कोण बोलावील? आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून झाले. तेव्हा आमच्याकडून सनावळीची अपेक्षा बेताची ठेवावी. ज्या गोष्टी ऐकत आम्ही या जिल्ह्यात वाढलो त्या गोष्टींविषयी मात्र चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हास आहे असे वाटते.

आपला धाराशिव जिल्हा हा पहिल्यापासून सरहद्दीचा मुलूख. निजामशाही आणि आदिलशाही येथे एकमेकींच्या अंगावर आल्या, मागाहून मोगल आले, मराठे आले. आमच्या आजीच्या तोंडी मात्र एकच सरहद्द होती : अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. मोगलाई म्हणजे निजामाचे राज्य, इंग्रजी म्हणजे बार्शी-सोलापूर. मोगल जाऊन दोनशे वर्षे झाली तरी शब्द काही गेला नाही. दोन्हीकडे भाषा एक, देव एक, सोयरीक एक. मध्ये होता तो करोडगिरीचा नाका. माल सीमा ओलांडू लागला की निजामाचे सरकार तेथे जकात घेई. बार्शीला पाहुणे म्हणून गेलेली बाई परतताना नवे लुगडे दोनदा धुऊन नेसून येई, म्हणजे ते जुने दिसावे, असे आजी सांगे. इतिहासाच्या पुस्तकात हे लुगडे आम्हास कधी सापडले नाही.

अशा मुलखात आख्यायिका फार पिकतात. राज्य बदलले की कागद जळतात, दप्तरे हलतात, आणि लोकांपाशी उरते ती तोंडची गोष्ट. ती खोटी म्हणून टाकून देणारे विद्वान आहेत, आणि खरी म्हणून डोक्यावर घेऊन नाचणारे त्याहून अधिक आहेत. आम्ही कामगारांच्या तक्रारी ऐकत आलो, त्यावरून एक सवय लागली आहे. गोष्ट ऐकावी, आणि तीत ओझे कोणी उचलले हे विचारावे.

परंड्याच्या तोफेचेच घ्या. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी याने ओतली. सिंहाच्या जबड्यात हत्ती सापडला आहे असे तिचे तोंड. वजन पंचावन्न टनांच्या घरात. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात आली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून निजामशाहीचा संसार काही काळ याच परंड्यातून चालविला. ती निजामशाही मोडकळीस आली तेव्हा, १६३२ मध्ये, आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने तोफ परंड्याहून विजापुरास नेली. आज ती तेथे शेरझा बुरुजावर आहे.

आख्यायिका अशी की तिची एक जोडीदारीण होती, तिचे नाव कडक बिजली. ती वाटेत नदीत बुडाली. कृष्णेत बुडाली असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आता नकाशा उघडून पाहा. कृष्णा विजापूरच्या दक्षिणेस आहे. परंड्याहून विजापुरास जाणाऱ्यास सीना लागेल, भीमा लागेल, कृष्णा लागणारच नाही. तेव्हा बुडाली असेल तर भीमेत बुडाली असेल, किंवा ती कधी नव्हतीच. असो. शेकडो बैल, कित्येक हत्ती आणि शेकडो माणसे ती ओढीत होती असेही सांगतात. आकड्यांचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट, काळी जमीन, दोन नद्या आणि पंचावन्न टन धातू! हे काम मुरार जगदेवाने एकट्याने केले नाही एवढे सांगावयास बखर लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या सभासदांना घेऊन आम्ही परंडा पाहावयास गेलो. तोफेची हकीकत सांगितली. मागे उभ्या असलेल्या एका हमालाने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "पन्नास किलोचे पोते धरले तर अकराशे पाठी झाल्या. आणि ती तर फोडून वाटून घेता येत नाही." पोते शंभर किलोवरून पन्नासवर आणावे म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे भांडण केले त्यांचा हा हिशेब होता. विजापुरात इंग्रजांनी १८५४ मध्ये ती तोफ मोडीत काढण्यासाठी लिलावास काढली, तेव्हा तिला बोली आली दीडशे रुपये. लोकांची तिच्यावरील श्रद्धा पाहून विक्री रद्द झाली. हे ऐकून तोच गडी म्हणाला, "दीडशे रुपयांत उचलूनसुद्धा कोणी दिली नसती." मलिक-ए-मैदानावर इतका नेमका अभिप्राय आम्ही दुसरीकडे वाचला नाही.

नळदुर्गाची गोष्ट वेगळी. किल्ला नळराजाने बांधला, म्हणून तो नळदुर्ग, असे आपण लहानपणी ऐकतो, आणि नळ म्हटला की दमयंती मागून येतेच. कल्याणीच्या चालुक्यांचा कोणी मांडलिक येथे होता, त्याचा हा किल्ला, अशी समजूत आहे. पुढे बहामनी, मग आदिलशाही, आणि १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगल. पण नळदुर्गाची खरी करामत कथेत नाही, पाण्यात आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने बोरी नदीवर धरण घातले आणि धरणाच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात पाणी नर आणि मादी या दोन वाटांनी वरून कोसळते, आणि आत माणूस कोरडा उभा राहून ते पाहतो. येथे नाव मिळाले ते सुलतानाचे आणि स्थपतीचे. स्थपतीचे मिळाले हेच विशेष. बहुतेक ठिकाणी तेही मिळत नाही. ज्या पाथरवटांनी पाण्याचा जोर ओळखून चिरे बसविले त्यांनी काम असे केले की चारशे वर्षे पूर त्यावरून जात आहेत. आम्ही दर पावसाळ्यात जातो. आत उभे राहिले की बोललेले ऐकू येत नाही, हे आमच्यासारख्या बोलक्या माणसासही बरे वाटते.

तुळजापूरविषयी आम्ही थोडक्यात बोलतो, कारण ती कथा आपणांस आमच्याहून अधिक माहीत आहे. भवानीने शिवाजी महाराजांस तलवार दिली ही श्रद्धा मराठी मनात इतकी खोल आहे की तिला पुरावा मागणे म्हणजे आईला ओळखपत्र मागण्यासारखे. १६५९ मध्ये अफजलखान वाईकडे निघाला त्या स्वारीत तुळजापूरच्या देवीस उपद्रव दिला असे बखरी सांगतात. याच प्रसंगावर एका इंग्रजाने कादंबरी लिहिली. कर्नल मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अंमलदार. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिवचा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हा तो नळदुर्गास राहून हा मुलूख सांभाळीत होता. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामास परत मिळाले, आणि १८६३ मध्ये टेलरची 'तारा' ही कादंबरी निघाली; तीत तुळजापूर आहे, देवी आहे, अफजलखान आहे. माणूस सहृदय होता, मुलखावर त्याचे प्रेम होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण आपली गोष्ट परक्याने सांगावी आणि ती लंडनात आधी वाचली जावी, याचा सल राहतोच.

सरहद्दीच्या मुलखांचे हे सगळीकडे असेच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस टेक्सास म्हणून प्रांत आहे. १८३६ मध्ये तो मेक्सिकोपासून फुटू पाहत असता आलामो नावाच्या जुन्या मठात थोडेसे लोक वेढले गेले आणि ६ मार्चला बहुतेक सारे मारले गेले. त्यांत टेनेसीचा प्रसिद्ध शिकारी डेव्ही क्रॉकेट होता. त्याच्यावर गाणी झाली, चित्रपट झाले, तो लढता लढता पडला की पकडून मारला गेला यावर तिकडे अजून वाद होतात. पण तेथून जिवंत सुटलेल्यांत जो नावाचा एक माणूस होता. तो तेथल्या सेनापतीचा गुलाम. आत काय घडले हे सांगणाऱ्या थोडक्या साक्षीदारांपैकी तो एक. मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्येच बंद केली होती. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या टेक्सासात ती पुढे चालू राहिली. क्रॉकेटची टोपी तिकडच्या पोरांनी डोक्यावर मिरविली. जोचे नाव किती पोरांना ठाऊक असेल?

आपल्याकडे मात्र एक आख्यायिका अशी आहे की तिचा नायकच कष्टकरी आहे, आणि ती या जिल्ह्यातली आहे याचा आम्हास अभिमान वाटतो. तेरचे गोरोबाकाका कुंभार. भजनात देहभान हरपून चिखल तुडविताना पायाखाली स्वतःचे मूल आले, ही कथा ऐकून आम्ही लहानपणी रडलो आहोत. मोठेपणी यंत्रात हात गेलेल्या कामगारांच्या भरपाईसाठी हेलपाटे घातले तेव्हा ती कथा वेगळी ऐकू आली. भक्त तिच्यात चमत्कार पाहतात, ते मूल पुन्हा मिळाले म्हणून. आम्हास तिच्यात घरातच कारखाना असलेल्या माणसाचे भय दिसते. आई पाण्याला गेली आहे, मूल रांगते आहे, बाप कामात आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की तगरहून कापड गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या रानातून, भडोचच्या बंदरास जाते. रोमच्या माणसांच्या अंगावर तेरचे कापड होते. गाडीवान येथेही बिननावाचेच.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो तिच्याकडे येतो. ती जुनी नाही, आणि सांगावयास सोपी नाही.

१९४७ नंतरचे तेरा महिने सरहद्द पेटली होती. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली; लोक घरेदारे टाकून बार्शी-सोलापूरकडे पळाले. सरहद्दीवर छावण्या पडल्या, करोडगिरीचे नाके जळाले, मुक्त केलेल्या कित्येक गावांनी आपल्यास 'मुक्तापूर स्वराज्य' म्हणवून घेतले. या लढ्याची नांगरट आधीपासून चालू होती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत येऊन शिक्षक झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे त्याआधी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत होते. प्रकृती ढासळली म्हणून ते मोगलाईत आले. आमच्या चळवळीने मराठवाड्यास दिलेले हे देणे आम्ही जरा मोठ्याने सांगतो, त्याबद्दल क्षमा असावी. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले आणि बोरी नदीवरचा पूल उडविला जाण्याआधी नळदुर्गास पोहोचले. त्या दिवशी शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग पडले. त्यांस मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. १७ तारखेस निजाम शरण आला. येथवरची गोष्ट आपल्या शाळांतून दर सप्टेंबरात सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे.

पण आमच्या संघटनेत दोन वृद्ध सभासद होते. दोघेही एकाच थप्पीवर आयुष्यभर राबलेले, एकाच तांब्यातून पाणी प्यालेले. एकाच्या बापाला रझाकारांनी मारले होते. दुसऱ्याचा बाप रझाकार नव्हता, पिंजारी होता. तो १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात गेला. पहिल्याची गोष्ट सारा यार्ड जाणत होता. दुसऱ्याची गोष्ट त्याने तीस वर्षांत आम्हासही सांगितली नव्हती. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना त्या वर्षाच्या अखेरीस पाहणीस पाठविले होते. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असा त्यांचा अंदाज, आणि सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आपला जिल्हा, ज्यात तेव्हा लातूरही होते. तो अहवाल पुष्कळ वर्षे कपाटात राहिला. २०१३ च्या सुमारास लोकांना वाचावयास मिळाला. आम्ही तो वाचला तेव्हा त्या म्हाताऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "छापलंय का? मग खरंच घडलं म्हणायचं." आम्ही काय उत्तर देणार?

हे बोललो म्हणून मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होते असे म्हणणारे आमचे मित्र आहेत. आमच्या मते तसे होत नाही. ज्यांनी जुलमाविरुद्ध प्राण दिले त्यांनी पिंजाऱ्याच्या घरावर जाण्यासाठी ते दिले नव्हते. उलट, शेजाऱ्याला घरात लपवून वाचविणारी माणसेही त्याच गावांत होती, दोन्ही बाजूंना होती. त्यांची आख्यायिका मात्र कोणी केली नाही, कारण त्यांनी स्वतःच तोंड मिटून घेतले.

त्या दोघांना आम्ही एका संध्याकाळी संघटनेच्या कचेरीत समोरासमोर बसविले. चहा झाला. पहिल्याने आपली हकीकत सांगितली, ती आम्ही वहीत उतरली. दुसरा बराच वेळ गप्प होता. मग तो बोलू लागला, आणि मध्येच एका गावाचे नाव आले तेव्हा म्हणाला, "हे लिहू नका, तिथं अजून माणसं राहतात." आम्ही पेन खाली ठेवले. पहिला म्हणाला, "गाव सोडा, बाकीचं लिहा." तसेच केले. दोघेही आता हयात नाहीत.

ती वही आम्ही आज बरोबर आणली आहे. मंडपाच्या दाराशी मेजावर ठेवली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी करोडगिरीच्या नाक्याची, छावणीची, पळून गेलेल्या किंवा लपवून ठेवलेल्या माणसांची हकीकत असेल तर व्याख्यानानंतर थांबावे. गावाचे नाव नको असेल तर ते लिहिणार नाही. पाने पुष्कळ कोरी आहेत, आणि आमची शेवटची एस. टी. साडेनवाला आहे.