गोदाकाठचा सिंह खरा होता का?

सातवाहनकाळी गोदावरीच्या काठी सिंह वावरत, असे विधान कोणी ‘गाथासप्तशती’च्या आधारे केले, तर लगेच मान डोलावू नका.

त्या गाथेत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की आता निर्धास्त फिरा. तुम्हाला भिववणारे ते कुत्रे आज गोदाकाठच्या झाडीतल्या मस्तवाल सिंहाने मारले. वरवर हे निमंत्रण आहे, पण आत धाक आहे. ती झाडी म्हणजे प्रियकराला भेटण्याची तिची जागा. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाईल कशाला? नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. तेव्हा हा सिंह बहुधा तिच्या बोलण्यातच जन्मला असावा. (कुत्रेही कदाचित जिवंत असेल!)

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात निसर्ग असा माणसांच्या व्यवहारात गुंतलेला आहे. भात पिकून पांढुरके होऊ लागते आणि एक तरुणी रडते, कारण कापणी झाली की आडोसा जाणार. सखी समजावते, तागाचे शेत अजून उभे आहे. दुसरी एक जण गोदाकाठच्या मोहाला विनवते, की फुले हळूहळू गाळ. फुले आहेत तोवर तिथे जायला निमित्त आहे. तिसरीचे हात कापसाच्या शेतात नांगर धरण्याच्या मुहूर्ताला, नांगराची पूजा करताना थरथरतात. अजून बी पडलेले नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे उंच पीक डोलते आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला सिंहापेक्षा हा कापूस मोलाचा. सिंह मुद्दाम आणलेला आहे, कापूस मात्र सहज आला आहे. श्रोत्याला तो ओळखीचा नसता तर गाथेतली खोच कळलीच नसती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथही तगर, म्हणजे आजच्या तेर, येथून भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद करतो.

तरीही एक अडचण उरतेच. संग्रहात पुढील शतकांत भर पडत गेली. आल्ब्रेख्ट वेबरने १८८१ साली निरनिराळ्या पाठांतील मिळून ९६४ गाथा छापल्या. त्यांतल्या सर्व पाठांत समान अशा गाथा सुमारे ४३० भरतात. सुटी गाथा उचलून ‘पहिल्या शतकातील महाराष्ट्र’ म्हणून दाखवण्यापूर्वी ती या ४३०मध्ये आहे का, एवढे तरी पाहावे. असली तरी तिचा काळ सिद्ध झाला असे होत नाही.